तिसऱ्या टाकीचा भोंगा

मुलांनो, डोळे मिटा आणि राहीच्या शेजारच्या खुर्चीत बसा. समोर संगणक आहे, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. साल एकोणनव्वद. खिडकीतून भाट्याची खाडी दिसते, आणि आपण बसलोय बर्फाच्या कारखान्याच्या कचेरीत. कारखाना बंद आहे.

तिसऱ्या टाकीतून बर्फ गोठवायचा अमोनिया वायू सुटला आणि बाबल्या नावाच्या तरुण कामगाराचे डोळे गेले. टाकीतला दाब वाढला की संगणकाने भोंग्याला हुकूम द्यायचा आणि भोंगा ऐकून माणसांनी पळायचं, अशी रीत होती. त्या दिवशी भोंगा वाजला नाही. दुसऱ्या दिवशी तपासला, तर व्यवस्थित वाजला.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर संगणकाने हुकूम दिलाच नाही. नाहीतर दिला, पण कुणीतरी भोंग्याची तार काढून ठेवली होती आणि मग गडबडीत परत जोडली. खाऱ्या हवेने भोंगा उगाच कोकलायचा, म्हणून कामगार कधीमधी तार काढायचे. त्या पाळीला भोंग्यापाशी एकच माणूस होता, राहीचे बाबा, भिकाजी.

"मी हात नाय लावला," एवढंच भिकाजी सगळ्यांना सांगत होता. मालक त्याच्यावर पोलीस केस करायला निघाले होते. आज रावजी काय सांगतो, त्यावर ठरणार होतं.

प्रोग्रॅम रावजीने लिहिला होता. मुंबईच्या कंपनीचा माणूस, पण रत्नागिरीत आला की उतरायचा भिकाजीकडेच. नववीतल्या राहीला तो जेवणानंतर प्रोग्रॅम शिकवायचा.

"हे बघ," आज पडद्याकडे बोट दाखवत तो तिला म्हणाला. "आपण लिहिलेलं यंत्राला कळत नाही, त्याचे आधी आकडे होतात. भोंग्याच्या कामातला पहिला आकडा मी उचलून बाजूला ठेवतो आणि त्या जागी 'थांब' असा आकडा बसवतो. यंत्र तिथे आलं की थांबणारच."

"मग पुढे कसं जातं?"

"मूळ आकडा परत ठेवायचा, यंत्राला एकच पाऊल टाकू द्यायचं, की पुन्हा 'थांब' बसवायचा."

"पण काका, टाक्या तीन आणि थांबा एकच?"

"टाक्या तीन असल्या तरी त्यांचं वागणं एकदाच लिहिलंय. 'टाकी' नावाचा साचा आहे. यंत्र थांबलं की बघायचं, आत्ता कुठल्या टाकीची पाळी आहे."

भिकाजी चहा घेऊन दारात उभा होता. "काय गो, समजतंय, की नुसतीच मान हलवतेस?"

"तुमच्यापेक्षा जास्त समजतंय."

"मग बरा. रावजी, हिला न्या मुंबैला. आमच्या ताटातले मासे तरी वाचतील." तो हसला आणि चहा टेबलावर ठेवून तिथेच थांबला.

रावजीने त्या दिवशीचे दाबाचे आकडे भरले. कचेरीतला संगणक भोंग्याला जोडलेला नव्हता. हुकूम सुटतो की नाही, एवढंच पाहायचं होतं. दाब चढत गेला, धोक्याच्या वर गेला. प्रोग्रॅम कुठेही न थांबता शेवटाला पोचला.

त्याने पुन्हा चालवला. तेच.

"हुकूम सुटलाच नाही," रावजी हळू म्हणाला. "चूक माझी आहे, भिकाजीदादा. तुमची नाही."

भिकाजी मागे सरला. भिंतीला टेकून उभा राहिला.

"मालकांना मीच सांगतो. नोकरी जाईल, पोलीसही मलाच विचारतील. पण त्या पोराचे डोळे गेले. लपवून कसं चालेल?"

तो मालकांच्या खोलीकडे गेला. मागोमाग भिकाजीही गेला. राही एकटी उरली.

तिला हायसं वाटलं होतं. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. तिसरी टाकी जुनी, वेगळ्या बनावटीची. तिच्यासाठी रावजीने 'टाकी'च्या साच्यातून दुसरा साचा काढला होता, 'जुनी टाकी'. राही तेव्हा शेजारीच बसली होती. "ही लेक बापाचं सगळं घेते," तो म्हणाला होता. "पण एखादं काम तिला स्वतःचं लिहून दिलं, तर ते करताना ती बापाकडे जात नाही." आणि भोंग्याचं काम त्याने जुन्या टाकीला वेगळं लिहून दिलं होतं, भोंगा जास्त वेळ वाजावा म्हणून.

आज ते विसरून त्याने थांबा लावला होता बापाच्या, म्हणजे 'टाकी'च्या, कामावर. तिसरी टाकी तिकडे फिरकणारच नव्हती.

राहीने थांबा उचलला, जुन्या टाकीच्या कामावर बसवला आणि प्रोग्रॅम चालवला.

पडदा थांबला. तिसरी टाकी. हुकूम सुटत होता. मग उरत होती फक्त तार.

पलीकडे मालकांचा आवाज चढला होता. त्यांचं बोलणं तोडत रावजी म्हणत होता, "नाही साहेब, भिकाजीदादांचा काही संबंध नाही."

राहीने थांबा काढला आणि रावजीकाकांनी लावला होता, तिथे परत नेऊन ठेवला.