एकशेवीसची रेघ

"बूट काढ आणि फळीला टेक," आकाशपाळण्यावरचा माणूस मुक्ताला म्हणाला.

एकशेचौदा.

एकशेवीस सेंटिमीटरच्या लाल रेघेखालच्या मुलांना पाळण्यात बसू देत नव्हते. मुक्ता तेरा वर्षांची होती. तिची उंची आता वाढणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी तिने मोज्यांत, टाचांखाली रुमालांच्या घड्या ठेवल्या होत्या.

"धाकट्याला पाठव."

आठ वर्षांचा ओजस फळीला टेकला.

एकशेअठरा.

"मग आम्ही दोघं झुकझुकगाडीत बसतो," तो लगेच म्हणाला.

मुक्ताने खाली पाहिलं. त्याने गुडघे वाकवले होते.

"सरळ उभा राहा, माकडा." तिने दोन्ही हातांनी त्याचे गुडघे मागे दाबले.

एकशेबावीस.

पाळणा वर जाईपर्यंत ती ओजसला हात करत राहिली. मग बाकावर बसून तिने मोज्यांतले रुमाल काढले.