शेजारची सीट

काकूंचा नवरा जाऊन महिना झाला होता. तीस वर्षं त्याने दारातल्या त्या गाडीला काकूंना हात लावू दिला नव्हता.

“म्हणायचे, तुझ्या हातून ती सुरूसुद्धा व्हायची नाही,” काकू मेकॅनिकला म्हणाल्या. “आणि बघा, होत नाहीच.”

मेकॅनिकने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. बंद करून काकूंनी फिरवली, तर इंजिन नुसतं कण्हत राहिलं.

असल्या गोष्टींना भुलायला तो दुधखुळा नव्हता. त्याने पॉइंट घासले, नवी कॉइल बसवली, ठिणगी पडते का बघायला प्लग काढून इंजिनला टेकवला. “मारा सेल्फ, काकू.” ठिणगी पडेना. मग काकूंना प्लगपाशी उभं करून तो स्वतः आत बसला.

“पडली हो,” काकू कडवट हसल्या. “चांगली निळी पडली.”

चिडून त्याने प्लग पुन्हा बसवला, बॅटरीची वायर सोडवली, किल्ली खिशात टाकली आणि बॉनेट आपटलं. “उद्या सगळं वायरिंगच उसवतो.”

“बरं. मी जरा टेकते.” सवयीने त्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पर्स मांडीवर घेतली. दार ओढलं.

इंजिन सुरू झालं.

मेकॅनिकने खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती. काचेतून त्याला काकू दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी रिकामं स्टिअरिंग.

“समोरून बाजूला व्हा, दादा,” काकू थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “ह्यांना थांबायची सवय नाही.”