घराचा चार्ज

टॅक्सी दारात येऊन उभी राहिली, ट्रंक जिन्याच्या तोंडाशी गेली, आणि सासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताठ उभे राहून म्हणाले, "सूनबाई, चार्ज घ्यायला चल."

"कसला चार्ज, बाबा?"

"घराचा. ठाणं उघडं टाकून जाता येत नाही. पुढचा माणूस चार्ज घेतो, मगच आधीचा हलतो. फौजेत उभी हयात हेच केलं."

सून ओल्या हातांनी मागोमाग निघाली. गेल्या आठवड्यात सासऱ्यांनी सकाळच्या चहाची शिटी नेहमीसारखी फुंकली, ती दचकली आणि दुधाचं पातेलं पालथं झालं. "बाबा, हे घर आहे, छावणी नाही!" ती म्हणाली. सासरे "ठीक आहे" म्हणाले, आणि संध्याकाळी लेकीच्या गावाचं तिकीट काढून आले. भांडले असते तर बरं होतं. भांडणाला समेट तरी असतो. तेव्हापासून 'जाऊ नका' हे दोन शब्द ती जिभेवर घेऊन फिरत होती. पण म्हातारा असा काही ताठ समोर उभा राही, की तोंडून "चहा टाकू?" एवढंच निघे.

"हा गॅस. तू बंद करतेस, मी पुन्हा बघतो. ही मागच्या दाराची कडी. तुझा नवरा 'लावली' म्हणतो. लावलेली नसते."

"मी काय म्हणतो..." नवऱ्याने सुरुवात केली.

"तू ट्रंक सांभाळ."

नवऱ्याने ट्रंक सांभाळली. आठवडाभर तो हेच वाक्य सुरू करत होता. पुढे काय म्हणायचं, हे त्यालाही ठाऊक नसावं.

"ही पाण्याची मोटर. टाकी भरत आली की आवाज बदलतो. कान देऊन ऐकायचं. तुला ऐकू यायचा नाही, तू टीव्ही मोठा लावतेस." मग सासऱ्यांनी खिशातून पितळी शिटी काढली, बाहीला पुसली आणि पुढे केली. "आणि ही. बोल, घेतला चार्ज?"

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला.

सुनेने शिटी घेतली. "एवढीच घेते. गॅस नाही घेतला, कडी नाही, मोटर तर नाहीच नाही."

"नकार देता येत नाही, सूनबाई."

"छावणीत येत नसेल. हे घर आहे, बाबा. इथे येतो."

इतक्या वर्षांच्या नोकरीत सासऱ्यांपुढे असा पेच कुणी टाकला नव्हता. शेवटी ते मुलाकडे वळले. "गाडी परत पाठव. बदली माणूस मिळेपर्यंत हलता येणार नाही."

"मी काय म्हणतो..." नवरा म्हणाला, आणि ट्रंक उचलून आत आणू लागला.

सुनेने चहा टाकला. तो उकळून झाला तरी तिला बाहेर हाक मारवेना. तिने शिटी तोंडाला लावली आणि फुंकली.

सासरे खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिले. त्यांच्यामागे ट्रंक टाकून नवराही.

"दोन मिनिटं उशीर," सासरे घड्याळाकडे बघत म्हणाले.

आतून शिटी पुन्हा वाजली. जरा मोठ्यानं.