मावशींची बादली

हौसामावशींची बादली सकाळपासून सापडत नव्हती. प्रसूती वॉर्डातल्या गळक्या पाइपाखाली ती सात वर्षं होती आणि दर तासाला मावशीच ती रिकामी करायच्या.

सरकारी दवाखान्यातले नळ दुरुस्त करायला प्लंबर सोडून डिझाइन कंपनी बोलावली, तेव्हाच त्यांना काहीतरी काळंबेरं वाटलं होतं. आता पाइपापुढे मासे रंगवलेलं चकाचक कपाट उभं होतं.

“पाइप बदललात ना, दादा?”

“मावशी, थेंबही दिसणार नाही,” कंपनीचा माणूस हसला.

उद्घाटनाला आलेले साहेब कपाटासमोरच भाषणाला उभे राहिले. मावशींना आतून ओळखीची धार ऐकू आली. त्यांनी हळूच बाजूचं दार उघडलं. आत त्यांचीच बादली, काठोकाठ भरलेली.

रोजच्यासारखी त्यांनी ती मोरीत नेऊन ओतली. परत मात्र ठेवली नाही. साहेबांचं भाषण नुकतंच रंगात आलं होतं.