पट्टा म्हणतो, पडलात

मनोरमाबाईंनी ओट्याला धरून उजवा पाय उचलला, तसा कमरेच्या तोलपट्ट्याने तो ओढून पुन्हा फरशीवर टेकवला. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कमरेला आता हा पट्टा असायचा. तो कुणाला पडू देत नसे, पण धड डोलूही देत नसे. हयातभर शाळेत मुलींना लेझीम शिकवलेल्या बाईंच्या पायांच्या पार काड्या झाल्या होत्या. रोज एका पायावर उभं राहायला डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मेल्या, उभं राहू देशील तर ना!" बाई करवादल्या आणि पट्टा सोडून त्यांनी फरशीवर आपटला.

मग पाय उचलला. टेकला, पुन्हा उचलला. पोटरी लटलट कापत होती. तरी शेवटी ओट्यावरचा हातही सुटला.

तेवढ्यात दार ढकलून मदतपथकाचे दोघे स्ट्रेचर घेऊन धावत आत आले.

"आजी, हलू नका! तुम्ही पडला आहात."

"डोळे फुटले का तुमचे? उभी आहे मी! एका पायावर!"

एकाने हातातल्या यंत्राच्या पडद्यावर पट्ट्याकडून आलेला इशारा पाहिला. "पट्टा खोटं सांगत नाही, आजी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि दोघांनी त्यांना अलगद उचलून आडवं केलं.