द्राक्षमळ्याची बस

बायको जाऊन चार महिने झाले. मी एकटाच द्राक्षमळ्याला निघालो, तर मुलगा दारात आडवा उभा राहिला. "बाबा, गाडी असताना दोन-दोन बस कशाला? उगाच हट्ट! मी सोडतो."

"आज गाडी नको म्हणजे नको," म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या बसमधून उतरून झाडांतल्या पायवाटेनं धापा टाकत टेकडी चढलो. वाइन ओतणाऱ्या बाईंनी लगेच ओळखलं. "या काका! काकू गाडी लावतायत ना? त्यांच्यासाठी नेहमीसारखा द्राक्षाचा रस आणते."

"रस पुरे झाला, बाई. परत गाडी चालवायची म्हणून पंचवीस वर्षं ती रसच प्यायली. आज आम्ही बसने आलोय. दोन्ही ग्लासांत वाइन ओता."