खिडक्या पुसायच्या राहिल्या

“ती खुर्ची आत नको. मागच्या गॅलरीत ने, वर चादर टाक,” वहिनी म्हणाली, आणि दादाने खुर्ची उचललीसुद्धा.

धाकटी दारातच उभी होती. खांद्यावरची बॅगही अजून उतरली नव्हती. ती खुर्ची आईची होती, आणि आईला जाऊन बावीस दिवस झाले होते.

“आलीस? बरं झालं,” वहिनी म्हणाली. “पाच वाजता घर बघायला येणारेत. तू खिडक्या पुसायला घेतेस का? वरच्या, खालच्या, सगळ्याच.”

चार तासांचा प्रवास करून आलेल्या नणंदेला पाणीसुद्धा विचारलं नाही. वहिनीच्या एका कानात इयरफोन होता, त्याचं दुसरं टोक गळ्यात लोंबत होतं. बोलता बोलता ती थांबली, काहीतरी ऐकून गालात हसली आणि आत निघून गेली.

बाई गाणी ऐकत सासूचं घर आवरत होती.

दिवाणखान्यात घरविक्रीचा एजंट भिंतीवरचे फोटो उतरवत होता. “घर राहतं दिसलं पाहिजे,” तो म्हणाला. “पण कोण राहत होतं ते दिसता कामा नये.”

“माझी आई राहत होती. चाळीस वर्षं.”

“हो ना, तेच म्हणतोय मी.” त्याने सोफ्यावर एक कोरी उशी ठेवली आणि तिच्या मधोमध तळहाताच्या कडेने फटका मारला. उशीला दोन कान फुटले. तो मागे सरून ते कौतुकाने बघत राहिला.

धाकटीने फडकं आणि पाण्याची बादली उचलली. दुसरं काही उचललं असतं तर ते एजंटच्या डोक्यात गेलं असतं.

खालच्या पाच खिडक्या तिने अर्ध्या तासात पुसल्या. काचांवर दोन वर्षांची धूळ होती. आईला दिसेनासं झालं तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. आई नसताना त्या पुसायच्या, तेही परक्यांनी बाहेर बघावं म्हणून! तिने कोपरे नखाने खरवडले.

मग ती बादली घेऊन वर निघाली. तिसऱ्या पायरीवर पाय पडला आणि काहीच झालं नाही.

ती खाली आली, पुन्हा चढली. पायरी गप्प.

“दादा! पायरीचं काय केलंत?”

“चार स्क्रू मारले. करकरत होती.”

“चाळीस वर्षं करकरतेय. आत्ताच खुपली?”

“हिने सांगितलं,” दादा म्हणाला, आणि बायकोवर ढकलून मोकळा झाला.

डोळे गेल्यावर आई त्या पायरीवरून माणसं ओळखायची. एकदा करकरली तर दादा. दोनदा करकरली तर धाकटी, कारण ती तिथे उडी मारायची. दिवाळखोर संसार आणि पांढरे केस घेऊन गेल्या खेपेला आली, तेव्हाही तिने उडी मारली होती. वरून लगेच हाक आली होती, “पडशील, घोडे!”

“तुम्ही दोघं ऐका,” ती जिन्यातून म्हणाली. “घर दोघांच्या नावावर आहे. मी सही करणार नाही.”

“बंद ठेवून काय करणार?” दादा हळूच म्हणाला. “तू तिकडे, आम्ही दुसऱ्या टोकाला. भिंतींना ओल धरेल.”

“धरू दे.”

घड्याळात सव्वाचार झाले होते.

वरच्या खिडक्या तिने जास्तच जोरात पुसल्या. आईच्या खोलीची तेवढी राहिली होती. तिथे गेली तर आईचं कपाट सताड उघडं. खाली तीन खोकी, आणि वहिनी एकेक स्वेटर घडी करून त्यात ठेवत होती. हिरवा. राखाडी. कोपर झिजलेला निळा.

“माझ्यासाठी थांबता नाही आलं?”

“नाही,” वहिनी म्हणाली. तिचे डोळे लाल होते. “धूळ आहे गं खूप.”

“एकही ठेवणार नव्हतीस?”

“तो निळा वेगळा काढलाय. तुझ्यासाठी.”

“उपकार झाले! तुझी सासू होती ती, वहिनी. खुर्ची बाहेर, फोटो बाहेर, पायरीचं तोंड बंद. उद्या माझं लहानपण कुठे टाकायचं तेही त्या एजंटला विचार! आणि हे सगळं कानात गाणी लावून? लाज वाटत नाही?”

वहिनीने एक हात वर केला. “एक मिनिट हं.” दुसऱ्या हाताने तिने मोबाइलवर काहीतरी मागे घेतलं आणि मान हलवली. “हो, हो,” ती पुटपुटली.

त्या ‘एक मिनिट’ने धाकटीचा तोल गेला.

“काय ऐकतेस एवढं? मलाही ऐकू दे.”

“नको. घर बघून होईपर्यंत नको, मी शब्द दिलाय...”

धाकटीने ओल्या हाताने लोंबतं टोक पकडलं आणि कानात घातलं.

आधी नुसतीच खरखर. मग काठीची टकटक. मग तिसरी पायरी करकरली. दम खात कुणीतरी थांबलं, खाकरलं आणि म्हणालं, “हं, सूनबाई, आता वरचं कपाट. तिथे धाकटी तणतणत येईल, येऊ दे. रडत बसण्यापेक्षा चिडलेली बरी, चिडली की हात झपाझप चालतो तिचा. खिडक्या तिलाच दिल्यास ना?”